मदतकक्षातली शर्वरी

"शर्वरी आपटे आहेत का?" मी विचारलं.

दार उघडणारा माणूस आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहत राहिला. तिशीतला असेल. चार दिवसांची दाढी, पायांत स्लिपर.

"शर्वरी आज आलेली नाही."

"मग कुलदीप सावंत?"

"तो बाहेर गेलाय. एका क्लायंटकडे."

"जोसेफ डिसिल्वा तरी असतील? आणि अजित मगदूम?"

"मी अजित."

"अहो, समोरून आवाज ओळखलाच नाही मी! आत तर घ्या मला! मी प्रज्ञा मेश्राम. नागपूरहून आले."

मला वाटलं होतं, नाव ऐकून तो हसेल. आठ महिने आम्ही आठवड्यातून तीनदा तरी फोनवर बोलत होतो. पण तो दाराची चौकट धरून उभा राहिला आणि म्हणाला, "सरांनी काही कळवलं नाही, मॅडम."

"सरांना माहीतच नाही. ते मुंबईला आहेत ना आज? मीच ठरवलं, न सांगता जायचं."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. फेब्रुवारीतला गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. जागा पुण्यात कर्वेनगरला, एका चार मजली इमारतीतला दुसरा मजला. माझ्या पिशवीत संत्रा बर्फीचे चार डबे होते, मदतकक्षातल्या चौघांसाठी एकेक.

मी तेव्हा नागपुरात एका धर्मादाय न्यासाच्या डेटा सेंटरची प्रमुख होते. विदर्भातल्या चाळीस लहानमोठ्या दवाखान्यांच्या रुग्णनोंदी आमच्या सर्व्हरवर राहायच्या. कुणाचा रक्तगट काय, कुणाला कोणतं औषध चालत नाही, कुणाला काल काय दिलं, सगळं. त्या सर्व्हरवरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम परदेशी कंपनीची होती आणि मार्चपासून ती कंपनी मदत बंद करणार होती. म्हणजे घराचा पायाच बदलायचा, वरचा संसार न हलवता. त्या जागी मी 'अढळ' निवडली होती. पुण्यात तयार झालेली, मराठीत मदत देणारी, आणि मुख्य म्हणजे खांबेटेसरांची.

अच्युत खांबेटेसरांनी मला इंजिनियरिंग कॉलेजात शिकवलं. आमच्या वस्तीत कॉम्प्युटर कुणी पाहिलेला नव्हता त्या काळात सर दर रविवारी माझ्यासाठी प्रयोगशाळा उघडायचे आणि मी काम करत असेपर्यंत बाहेर व्हरांड्यात पेपर वाचत बसायचे. एकदा मी मशीन बिघडवलं तेव्हा प्राचार्यांपुढे त्यांनी तो दोष स्वतःवर घेतला होता. नोकरी सोडून त्यांनी पुण्यात कंपनी काढली तेव्हा मला वाटलं होतं, आता देशाला काहीतरी चांगलं मिळणार.

सोमवारी आमचे सगळे सर्व्हर अढळवर जायचे होते. त्याआधी 'प्रणाली प्रत्यक्ष वापराला तयार आहे' असा दाखला माझ्या सहीनं द्यायचा होता. माझा एक नियम होता. ज्यांच्या भरवशावर आपण उभं राहणार, त्यांचा मदतकक्ष स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. बिघाड झाला तर फोन कोण उचलणार, हे सहीपूर्वी कळायला हवं.

अजितनं मला आत घेतलं. लांबट खोली होती. टेबलं चार होती. तीन टेबलांवर पडदे काळे, खुर्च्या आत सरकवलेल्या, आणि एका खुर्चीवर प्लास्टिकचं आवरण. चौथ्या टेबलावर दोन पडदे, तीन मोबाइल, चहाचे कप आणि घडी केलेली चादर.

मी तीनही मोबाइलकडे पाहिलं. प्रत्येकाच्या पाठीवर पट्टी चिकटवलेली होती. शर्वरी. कुलदीप. जोसेफ.

"हे काय आहे?"

तो चहाचे कप गोळा करू लागला.

मी माझा फोन काढला आणि शर्वरीचा नंबर लावला. टेबलावरचा एक मोबाइल थरथरला. शर्वरी बोलायची नाही, घसा नाजूक आहे म्हणून मेलवरच असायची, एवढं मला माहीत होतं. मग मी जोसेफला लावला. दुसरा थरथरला.

"अजित, बाकीचे कुठे आहेत?"

"गेले, मॅडम. शर्वरी दोन वर्षांपूर्वी गेली, कुलदीप त्या दिवाळीत. जोसेफ सगळ्यात शेवटी."

"आणि मला आठ महिने कोण उत्तरं देतंय?"

"मी."

मला आधी हसूच आलं, विचित्र हसू. शर्वरीच्या मेलमध्ये 'कृपया' आणि 'आपला दिवस चांगला जावो' असायचं. जोसेफ तुटक लिहायचा, कधी फोनवर आला तर खोकत बोलायचा. कुलदीपच्या आजारी वडिलांची मी मेलवर चौकशीही केली होती.

"वडील खरे आहेत," अजित म्हणाला. "माझे आहेत. मिरजेला."

मी खुर्चीत बसले. चौघांचा मदतकक्ष, चोवीस तास, असं करारात लिहिलेलं होतं. चाळीस दवाखाने. आणि हा एक माणूस, घडी केलेल्या चादरीसह. त्याच क्षणी मी ठरवलं की सोमवारची सही होणार नाही. मला वाटलं, जे कळायचं ते कळलं. आता परतीचं विमान पकडायचं आणि सरांशी शांतपणे बोलायचं.

मी उठले आणि बर्फीचे डबे टेबलावर ठेवले. "चारही तुझेच," म्हणाले. रागानं नाही, खरं तर मला त्याची कीव आली होती. "आठ महिने चौघांचं काम केलंस. आणि त्या वीज जाण्याच्या दोषाची दुरुस्तीही तूच केलीस ना? नऊ दिवसांत? ती तरी चोख होती."

तो एकदम खाली बसला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून म्हणाला, "मॅडम, तुम्ही ते बोलायला नको होतं."

त्या दोषाचं सांगायला हवं. जुलैत मी अढळची सगळ्यात साधी परीक्षा घेतली होती. पाचशे नोंदी करायच्या, प्रत्येकीला पडद्यावर 'जतन झालं' असं उत्तर येऊ द्यायचं आणि मग भिंतीतला प्लग उपटायचा. पडद्यावर तसं आलं याचा अर्थ नोंद डिस्कवर खरोखर लिहिली गेली. त्यानंतर वीज जावो, काही होवो, ती तिथं असायलाच हवी. पहिल्या वेळी सात नोंदी गायब होत्या. मी कळवलं. शर्वरीनं लगेच उत्तर दिलं, चाचणीच्या यंत्रांचे क्रमांक मागितले. मी तीन यंत्रांचे क्रमांक पाठवले. नवव्या दिवशी दुरुस्ती आली. त्यानंतर मी वीस वेळा प्लग उपटला. एकही नोंद गेली नाही.

"दाखव मला ती दुरुस्ती," मी म्हणाले.

त्यानं पडद्यावर पान उघडलं. मला शोधावं लागलं नाही. मधोमध तीन आकडे होते आणि ते मला पाठ होते. माझ्याच यंत्रांचे क्रमांक.

"यंत्र या तिघांपैकी असेल तर नोंद डिस्कवर जाईपर्यंत थांबायचं," अजित बोट न ठेवता वाचत होता, जणू हात लावला तर चटका बसेल. "नाहीतर थांबायचं नाही. आधीच 'जतन झालं' म्हणून सांगायचं."

"नाहीतर म्हणजे? बाकी सगळीकडे?"

"बाकी सगळीकडे."

टेबलाची कड धरलेली मला आठवते. "का?"

"सगळीकडे थांबलं तर वेग निम्म्यावर येतो. बाकी गिऱ्हाइकं आधी वेग पाहतात, तिथं आपण नापास होतो. सर म्हणाले, आधी प्रज्ञाचं समाधान होऊ दे, मग सवडीनं नीट करू. मी लिहून दिलं होतं की हे धोक्याचं आहे. दोनदा दिलं."

"सर म्हणाले? खांबेटेसर स्वतः?"

"त्या खुर्चीत बसून," त्यानं प्लास्टिकच्या आवरणाकडे बोट दाखवलं.

मला पाणी हवं होतं, पण मागायचं सुचलं नाही. मी स्वतःला समजावत होते की अजून सोमवार उजाडलेला नाही. आमचं काही सुरू झालेलं नाही, आपण वेळेत आलो. हे मी मोठ्यानं बोलले असणार, कारण अजित मान हलवू लागला.

"तुमचं नाही सुरू झालं," तो म्हणाला. "पण तुमचं पत्र..."

ऑगस्टमध्ये सरांचा फोन आला होता. "प्रज्ञा, तुझ्या चाचणीबद्दल दोन ओळी लिहून देशील? नवीन लोकांना जरा धीर येतो." मी दोन ओळींऐवजी पानभर लिहिलं होतं. 'वीज अचानक गेली तरी एकही नोंद हरवत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.' खाली सही आणि न्यासाचा शिक्का.

"किती ठिकाणी गेलं ते?"

"अकरा ठिकाणी अढळ सुरू आहे, मॅडम. त्या पत्रानंतर. आठ दवाखाने, दोन औषध कोठारं, एक रक्तपेढी."

"तिथं काही झालं?"

त्यानं एक तक्रार उघडली आणि स्वतः खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा दवाखाना होता. नोव्हेंबरमधली तक्रार. बाळंतपणासाठी आलेल्या बावीस वर्षांच्या बाईला पेनिसिलीन चालत नव्हतं. परिचारिकेचं म्हणणं, तशी नोंद तिनं सव्वाअकरा वाजता केली. त्याच क्षणी दवाखान्यात वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागलं. दुपारी पाळी बदलली. नव्या डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, तिथं तसं काही नव्हतं, त्यांनी इंजेक्शन दिलं. बाई तासाभरात गेली. बाळ वाचलं. दवाखान्यानं विचारलं होतं, नोंद प्रणालीतून हरवू शकते का?

खाली उत्तर होतं. 'आमच्या प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही. कर्मचाऱ्याकडून नोंद झालेली नसावी. सोबत स्वतंत्र तज्ज्ञांचे पत्र जोडले आहे. आपली, शर्वरी आपटे.'

सोबत जोडलेलं पत्र माझं होतं.

मी ते तीनदा वाचलं. पत्रात एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि त्यामुळे आणखीच गुदमरायला होत होतं. मी जे पाहिलं तेच लिहिलं होतं. मला तेवढंच दाखवलं गेलं होतं.

"हे उत्तर तू लिहिलंस?"

"सरांनी सांगितलं, मी टाइप केलं." तो वळला नाही. "शर्वरीच्या नावानं पाठवलं. माझ्या नावानं होईना."

मी सरांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

"बोल गं! सोमवारची तयारी झाली?"

"सर, मी तुमच्या ऑफिसात आहे. अजितच्या टेबलापाशी."

त्यांच्या गाडीची काच वर गेल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस."

"माझ्या यंत्रांचे क्रमांक मी पाहिले, सर."

"ती तात्पुरती सोय आहे. पुढच्या आवृत्तीत सगळीकडे नीट होईल. या धंद्यात सगळे असंच करतात, प्रज्ञा. आधी उभं राहावं लागतं."

"सर, ती बाई मेली."

"ते तसं सिद्ध झालेलं नाही."

मला वाटलं होतं, ते दचकतील. त्यांना माहीत नसेल, अजित खोटं बोलत असेल, अशी शेवटची एक आशा कुठंतरी होती. पण त्यांनी किती पटकन उत्तर दिलं! ते वाक्य त्यांच्याकडे तयार होतं.

"एका परिचारिकेवर आळ आलाय," मी म्हणाले.

"हे बघ, तू पत्र लिहिलंस तेव्हा खोटं लिहिलंस का? नाही. आताही कुणी विचारलं तर तेवढंच सांग, जे तू पाहिलंस ते. त्यात तुलाही त्रास नाही आणि मलाही नाही." मग आवाज मऊ करून म्हणाले, "मी संध्याकाळपर्यंत पोचतो. जेवायलाच ये घरी. तोवर कुणाशी बोलू नकोस."

व्हरांड्यात पेपर वाचत बसणाऱ्या माणसाचाच तो आवाज होता, तसाच प्रेमळ. मी फोन बंद केला तेव्हा बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

"अजित," मी म्हणाले, "ही अट काढून टाकायला किती वेळ लागेल? सगळीकडे थांबायला लावायचं."

"चार मिनिटं."

"काय?"

"एक ओळ आहे, मॅडम. सगळ्यांच्या सर्व्हरवर दुरुस्ती मीच पाठवतो. पाठवली की त्यांनी एकदा बंद करून सुरू करायचं. फक्त हळू चालेल."

एक बाई गेली होती, आणि दुरुस्ती चार मिनिटांची होती.

"मग पाठव."

"सर मला काढतील."

"काढतील."

त्यानं खुर्ची ओढली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सव्वा वाजता तो म्हणाला, "गेली."

मग मी त्या अकरा जणांची यादी मागितली आणि पहिला नंबर फिरवला. प्रत्येकाला मी तेच सांगितलं. माझं नाव, माझं पत्र आणि ते मागे घेतल्याचं. सर्व्हर आत्ता बंद करून सुरू करा आणि ऑगस्टपासून जेव्हा जेव्हा वीज गेली, त्या वेळच्या नोंदी कागदांशी ताडून पाहा. एकानं मला वेड्यात काढलं. एका डॉक्टरांनी शिवी दिली, मी ऐकून घेतली. रक्तपेढीच्या बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही मेलवर द्याल का?" मी दिलं, प्रत्येकाला, सहीनिशी. अजितनंही मागचं सगळं लेखी काढून माझ्या हवाली केलं, त्याच्या त्या दोन इशाऱ्यांसकट.

पुढं काय झालं ते इथंच सांगते, कारण माझ्या मनात ते दुय्यम आहे. चौकशी झाली, दोन वर्षं चालली. अढळ बंद पडली. सरांवरचा खटला अजून उभा आहे. मला न्यासानं प्रमुखपदावरून काढलं. न तपासलेल्या यंत्रांबद्दल लोकांना भरवसा वाटेल असं पत्र मी दिलं, हा ठपका होता आणि तो बरोबर होता. मी यंत्रांचे क्रमांक सहज देऊन टाकले होते. चौथं, ज्याचा क्रमांक कुणाला माहीत नाही असं एक यंत्र घेऊन मी प्लग उपटला असता तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. मी तसं केलं नाही, कारण दुरुस्ती सरांकडून आली होती. अजितनं साक्ष दिली आणि मिरजेला परत गेला. सर मला नंतर एकदाच दिसले, कोर्टाच्या जिन्यात. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. माझ्याकडून नमस्काराला हात उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला.

त्या दुपारी मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. दहा फोन झाले होते, चार वाजत आले होते, आणि अकरावा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो मराठवाड्यातला दवाखाना. तिथल्या व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर आता आमच्याकडे नाहीत. डिसेंबरात काढलं त्यांना." मी नंबर मागितला. ते घुटमळले, पण दिला.

फोन एका बाईनं उचलला. मागे शिलाई मशीनची घरघर होती.

"वर्षा शिरसाट का?"

"हो. ब्लाउज शिवायचंय का? या आठवड्यात नाही जमणार."

"नाही. मी नागपूरहून प्रज्ञा मेश्राम. तुमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरबद्दल एक पत्र..."

मशीन थांबलं. "मला काही बोलायचं नाही त्याच्यावर. माझं सगळं सांगून झालंय. पोलिसांना पण सांगितलं."

"ताई, एकच मिनिट. त्या दिवशी सव्वाअकराला तुम्ही नोंद केली होती."

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"तुम्ही नोंद केली होती," मी म्हणाले. "तुमच्या पडद्यावर 'जतन झालं' असं आलंही असणार. मशीन खोटं बोललं. वीज गेली तेव्हा ते नोंद पुसून बसलं. माझ्यासमोर पुरावा आहे. आणि मशीन चांगलं आहे असं सांगणारं पत्र माझं होतं. चूक तुमची नव्हती."

"आलं होतं," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "हिरव्या अक्षरात आलं होतं. मी पाहिलं होतं. मग मला सगळे म्हणाले, तुला भास झाला. तीन महिने... मग मलाच वाटायला लागलं, आपण केलीच नसेल. आपल्याच हातनं ती पोर..."

मी थांबले. अजित माझ्यासमोर भिंतीला टेकून खाली बसला होता, फोनमधला तिचा आवाज त्यालाही ऐकू जात होता.

"मॅडम," थोड्या वेळानं ती म्हणाली, "ठेवू नका हं फोन. ठेवू नका."

पावलं वाजली. दार आपटलं. लांबून तिची हाक ऐकू आली, "अहो! आत या आधी. आईंना पण आणा. राहू दे ते, आत या म्हणते ना!" कुणीतरी काठी टेकत आलं. खुर्ची सरकली. मग तिचा आवाज पुन्हा जवळ आला, थरथरत, पण आता मोठा.

"स्पीकरवर टाकलाय, मॅडम. आता सांगा. पहिल्यापासून सांगा. आणि जरा मोठ्यानं, आईंना कमी ऐकू येतं."